कुलूप त्यांचं, पाइप सगळ्यांचा

प्रश्न : आम्ही पिंपळवंडीत (ता. जुन्नर) बारा फ्लॅटच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. वरच्या फ्लॅटचे मालक मुंबईला असतात. यात्रेला आणि मे महिन्यात दार उघडतं, एरवी कुलूप. गेल्या महिन्यात मध्यरात्री आमच्या स्वयंपाकघरात छतातून पाणी गळू लागलं. डक्टमधला टाकीचा उभा पाइप तडकला होता, पण तिथे हात पोचतो तो फक्त त्या बंद फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीतून. सेक्रेटरी म्हणाले, मीटिंग घेतल्याशिवाय काही करता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मुंबईहून फोनवर कसाबसा होकार मिळाला, कुलूपवाला आणला, काम झालं, साडेसहा हजार मी भरले. आता मुंबईकर म्हणतात, मी तिथे राहतच नाही. तळमजला म्हणतो, आमच्याकडे थेंब पडला नाही. सेक्रेटरी म्हणतात, तुम्हाला खर्च करायला सांगितलं कोणी? पैसे कुणी द्यायचे?
ता. क. : मागची, उसाकडची कंपाउंडची भिंतही पडली आहे. तीसुद्धा मीटिंगची वाट पाहतेय.

उत्तर : तिघांचंही म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं आणि तिघांचंही टिकत नाही. का, ते समजून घ्यायला कायद्याच्या पुस्तकाआधी जरा विहिरीवर जाऊ.

आपल्याकडे सामाईक विहिरीत कुणाचा चार आणे हिस्सा असतो, कुणाचा दोन आणे. दोन आणेवाल्याला विहिरीची उत्तरेकडची बाजू तोडून दिलेली नसते. अख्ख्या विहिरीत त्याचे दोन आणे. शेतात टोमॅटो उभा असताना मोटार जळाली तर मुंबईच्या चुलतभावाची वाट कुणी पाहत नाही. मोटार नारायणगावला नेतात, भरून आणतात, पाणी सुरू होतं आणि मग आण्यांप्रमाणे हिशोबाची चिठ्ठी फिरते. चिठ्ठीवर भांडणं होतात, ती होणारच. पण ‘माझ्या पाळीत जळली नाही’ म्हणून कुणाचा हिस्सा माफ होत नाही.

महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० हा हिशोब आण्यांऐवजी टक्क्यांत मांडतो. फ्लॅट तुमच्या एकट्याचा. जमीन, पाया, खांब, तुळया, मुख्य भिंती, जिना, गच्ची, टाकी, पंप, डक्ट हे सगळं सामाईक, आणि त्यात प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा. हा टक्का फ्लॅटच्या किमतीच्या प्रमाणात ठरतो, नोंदणी झालेल्या घोषणापत्रात म्हणजे डिक्लेरेशनमध्ये लिहिलेला असतो, आणि सगळ्या मालकांच्या संमतीशिवाय बदलता येत नाही.

इथे एक घोटाळा आधी दूर करू. आपण सरसकट सगळ्याच इमारतींना ‘सोसायटी’ म्हणतो. खरेदीच्या कागदांत ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ असेल आणि डिक्लेरेशन नोंदलेलं असेल, तर तुमची असोसिएशन आहे आणि तिला १९७० चा कायदा लागतो. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल, तर १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि उपविधी लागतात. दोन्हींची खर्चवाटणी वेगळी आहे. संस्थांच्या आदर्श उपविधींत लिफ्टचा खर्च आणि सेवाशुल्क सगळ्यांना सारखं असतं, दुरुस्ती निधी मात्र फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर ठरतो. अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च टक्क्याप्रमाणे. ‘फ्लॅट लहान असो की मोठा, मेंटेनन्स सारखाच’ असं पुण्यातल्या कितीतरी असोसिएशन धरून चालल्या होत्या. पुण्याच्याच ट्रेझर पार्क संकुलाच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये टक्क्याचीच बाजू उचलून धरली. तेव्हा आधी कपाटातली फाइल काढा. पुढचं सगळं तुमचं अपार्टमेंट आहे असं धरून सांगतो.

आता पाणी. फुटलेला पाइप कुणाचा, हे तो कुठे आहे यापेक्षा तो कुणाची सेवा करतो यावरून ओळखायचं. गच्चीवरच्या टाकीतून निघून डक्टमधून चार स्वयंपाकघरांना पाणी देत खाली येणारी उभी लाइन सामाईक. तिच्यातून फुटून एकाच फ्लॅटमध्ये शिरलेली आडवी लाइन, तिथला नळ, न्हाणीघराच्या फरशीच्या सांधी हे त्या मालकाचं. साधी परीक्षा अशी : वरचा फ्लॅट बंद असताना, कुणी पाणी वापरत नसतानाही धार थांबत नसेल, तर दोष दाबाच्या लाइनमध्ये आहे. वापर झाला की गळतं आणि नंतर ओसरतं, तर सांडपाण्याच्या लाइनमध्ये किंवा फरशीत. पाऊस आला की गळतं, तर गच्ची किंवा बाहेरची भिंत बघा. तुमच्याकडे दोष उभ्या लाइनमध्येच सापडला, म्हणजे तो बाराही जणांचा. मात्र कुणी भिंत फोडून फिटिंग करताना पाइपला धक्का दिला असता, तर बिल त्याच्या दारात गेलं असतं.

मग सेक्रेटरींची मीटिंग? रंग काढायचा, कॅमेरे लावायचे, पार्किंगवर पत्रा टाकायचा, अशा कामांना ती हवीच. चालू नुकसान थांबवायला तिची गरज नाही. कायद्याच्या कलम ६ मध्ये असोसिएशनला प्रत्येक फ्लॅटमध्ये शिरण्याचा, कधीही काढून न घेता येणारा अधिकार दिला आहे : सामाईक भागांच्या देखभालीसाठी वाजवी वेळेत, आणि सामाईक भागाचं किंवा दुसऱ्या फ्लॅटचं नुकसान टाळायला तातडीची दुरुस्ती करण्यासाठी. हा अधिकार व्यवस्थापक किंवा व्यवस्थापक मंडळ वापरतं. म्हणजे सेक्रेटरींनी ज्यासाठी हात वर केले, ते नेमकं त्यांच्याच मंडळाच्या हातात होतं. तुमच्या एकट्याच्या हातात मात्र ते नव्हतं, हेही लक्षात ठेवा. शेजाऱ्याने परस्पर कुलूप तोडलं तर त्याला वेगळ्या कचेरीत उत्तर द्यावं लागेल.

शिवाय मध्यरात्री कुलूप तोडायची गरजही नव्हती. गच्चीवर टाकीखाली बहुतेक ठिकाणी प्रत्येक उभ्या लाइनला वेगळा वॉल्व असतो. ज्या लाइनला गळती तेवढाच वॉल्व बंद केला की बाकीच्या लाइनी चालू राहतात आणि नुकसान थांबतं. (कोणता वॉल्व कोणत्या लाइनचा, हे रंगाने लिहून ठेवलेलं नसल्यामुळे रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन सगळे वॉल्व फिरवावे लागतात, हा भाग निराळा.) मग सकाळी मालकाला फोन, सोबत मेसेज म्हणजे पुरावा राहतो, मंडळातला एक जण आणि दोन शेजारी हजर, आत जाताना आणि बाहेर येताना फोटो, नवं कुलूप आणि किल्ली मालकाच्या सांगण्याप्रमाणे. फोनच लागत नसेल तर पोलीस ठाण्याला लेखी कळवून मग आत जावं. यात्रा संपवून मुंबईला निघताना एक किल्ली मंडळाकडे ठेवली असती, तर कुलूपवाल्याचे पैसे वाचले असते.

आता साडेसहा हजार. ‘मी राहतच नाही’ ही पळवाट कायद्याने आधीच बुजवली आहे. कलम १८ सांगतं, सामाईक सोयी वापरत नाही म्हणून किंवा फ्लॅट सोडून दिला म्हणून खर्चाचा वाटा चुकत नाही. तळमजल्यालाही तेच उत्तर. समजा तुमचा हिस्सा आठ टक्के आहे : तुमच्या वाट्याला ५२० रुपये. मुंबईकरांचा फ्लॅट मोठा, हिस्सा बारा टक्के असेल तर त्यांचे ७८०. आकडे असे समोर ठेवले की भांडण निम्मं होतं; पूर्ण रकमेवर तावातावाने बोलणारा माणूस पाचशेच्या चिठ्ठीवर सहसा खिशात हात घालतो. थकबाकी राहिलीच, तर कलम १९ प्रमाणे तिचा बोजा त्या फ्लॅटवर चढतो. सरकारी आणि स्थानिक कर, आणि पहिल्या गहाणाची रक्कम एवढंच तिच्या आधी येतं. फ्लॅट विकायला काढला की ही बाकी आडवी येते.

ही वाटणी आपल्याआधी इतरांनीही करून पाहिली आहे. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेत मजल्यांचे मालक वेगवेगळे असले तर छप्पर आणि मुख्य भिंती सगळ्यांनी आपापल्या मजल्याच्या किमतीप्रमाणे सांभाळाव्यात, असं होतं. जिन्याचे मात्र तुकडे : पहिल्या मजल्याने पहिल्यापर्यंतचा जिना बांधायचा, दुसऱ्याने तिथून पुढचा. वरचा माणूस रोज ज्या पायऱ्या झिजवतो त्यांचे पैसे खालचा भरणार! आपल्या कायद्याने जिना अख्खा सामाईक ठेवला, ते बरंच झालं.

राहिला सेक्रेटरींचा सवाल : सांगितलं कोणी? भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७० त्यासाठीच आहे. एखाद्याने कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काम केलं, ते फुकट करायचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर त्याने भरपाई द्यायची. त्या लाइनवरच्या घरांना पुन्हा पाणी मिळालं, आणि बाराही मालकांचा सामाईक पाइप दुरुस्त झाला. तेव्हा प्लंबरची आणि कुलूपवाल्याची पावती, फोटो आणि टक्क्यांचा तक्ता जोडून मंडळाला लेखी मागणी द्या. तुमच्या इमारतीची असोसिएशनच अजून झालेली नसेल, तरी या कलमाचा आधार राहतोच.

शेवटी ता. क. मधली भिंत. कंपाउंड सामाईक, त्यामुळे तो फक्त तळमजल्याचा प्रश्न नाही. पण ती तातडीची आहे का? पुण्यात पेठेत पडली असती तर मीटिंगपर्यंत थांबली असती. तुमच्या मागे ऊस आहे, आणि जुन्नर तालुक्यात उसात बिबटे राहतात हे तुम्हाला मी सांगायला नको. संध्याकाळी त्या बाजूला मुलं खेळतात, कुत्री झोपतात. पक्क्या भिंतीचं एस्टिमेट, विटा की ब्लॉक, उंची किती, हे मीटिंगमध्ये ठरू द्या. त्या खिंडाराला पत्रे मात्र आज दिवस मावळायच्या आत लावून घ्या, आणि पावती याच फाइलला जोडा.