आजचे चिंतन : गीता १२.१५ — खालच्या मजल्यावरचे काका



बाराव्या अध्यायात तेराव्या श्लोकापासून भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगायला लागतात. आज पंधरावा श्लोक. यातलं लक्षण दुहेरी आहे. भक्तापासून लोकांना त्रास होत नाही हा एक भाग, आणि लोकांपासून भक्ताला त्रास होत नाही हा दुसरा. त्यानंतर चार गोष्टी येतात ज्यांतून तो मोकळा झालेला असतो: हर्ष, अमर्ष, भय आणि उद्वेग.

क्रमाकडे लक्ष द्या. लोकांनी मला त्रास देऊ नये, हे आधी आलेलं नाही. माझा त्रास लोकांना होतो का, हा प्रश्न आधी आहे. आपण नेमकं उलटं वाचतो.

या श्लोकावर लिहायचं ठरलं तेव्हाच एका वाचक ताईंचा निरोप आला होता. मढला भाड्याने राहतात. दोघं नवराबायको आणि चार वर्षांची मुलगी. नवऱ्याची दुसरी पाळी, मालाडहून २७१ नंबरची बस पकडून घरी यायला साडेदहा होतात. बाबा आले की पोरगी जागी होते आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावत सुटते. खाली राहणारे काका छताला काठीने ठोकतात. मग एक दिवस सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, आणि दुसऱ्या दिवशी घरमालकांचा फोन: "काय चाललंय तुमचं? पुढच्या वेळी अॅग्रीमेंट करायचं की नाही ते बघावं लागेल." ताईंनी विचारलं होतं, "लेकराचे पाय बांधून ठेवू का? अशा वेळी गीता काय सांगते?"

आता त्या चार शब्दांकडे पुन्हा पाहा. अमर्ष म्हणजे सहन न होणं, आतल्या आत धुमसणं: "आम्ही भाडं भरतो, फुकट राहत नाही." भय म्हणजे अकरा महिन्यांचा करार संपल्यावर कुठे जायचं. उद्वेग म्हणजे जिन्यात काकांची चप्पल वाजली तरी छातीत धस्स होणं. आणि हर्ष? काका गावाला गेले की होतो तो! तोही बंधनातच धरलाय भगवंतांनी.

भय कमी करायचं तर आधी जमीन कुठे आहे ते पाहावं, म्हणून थोडं कायद्याचं. ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम २००० सालचे. त्यांत रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. राहत्या वस्तीसाठी मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. हे नियम मुख्यतः लाउडस्पीकर, म्युझिक सिस्टीम, फटाके, हॉर्न, बांधकामाची यंत्रं यांच्यासाठी आहेत. चार वर्षांच्या मुलीच्या टाचा मोजायला कुणी यंत्र घेऊन येणार नाही. पण म्हणून निर्धास्तही राहू नये. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, कलम १६ मध्ये, शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं वागणं हे भाडेकरूकडून घर परत मागायचं एक कारण दिलेलं आहे. ते कोर्टात सिद्ध करावं लागतं. सोसायटीच्या कमिटीला स्वतःहून कुणाचं सामान बाहेर काढता येत नाही. ती आपल्या सभासदाला, म्हणजे मालकाला, पत्र लिहिते. खरी गोची वेगळीच आहे. आपल्याकडे बहुतेक घरं अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर असतात. मालकाला काही सिद्ध करायची गरजच पडत नाही, तो करार पुढे वाढवत नाही, इतकंच. म्हणून भाड्याच्या घरात शेजाऱ्याशी संबंध हा कागदावर नसलेला, पण सगळ्यात महत्त्वाचा करार असतो.

मी ताईंना एवढंच सुचवलं की ग्रुपवर उत्तर देऊ नका, खाली जा. काही घेऊन जायची गरज नाही, फक्त विचारा: "काका, कोणत्या वेळचा आवाज जास्त लागतो?" माफी मागायला नव्हे आणि बाजू मांडायलाही नव्हे. माहिती काढायला.

त्या गेल्या, आणि कळलं ते असं. काका कोळी, घरची बोट. डोलीची मासेमारी. डोल जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं, आणि भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणजे काकांची बंदरावर जायची वेळ रोज बदलते. कधी पहाटे तीनला उठायचं, कधी दुपारी निघायचं. उधाणाच्या दिवसांत काम जोरात, भांगाच्या दिवसांत ढिलाई. कायद्याची रात्र दहाला सुरू होते, पण काकांची रात्र पंचांगाप्रमाणे सरकते! ताई म्हणाल्या, "जून-जुलैत ते एकदाही बोलले नव्हते. मला वाटलं सवय झाली." सवय कसली, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी काठावर ओढलेल्या. ऑगस्टात होड्या पाण्यात गेल्या आणि काठी परत छताला लागली.

ज्ञानेश्वर माउलींनी या श्लोकावर लिहिताना (ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९०) दाखला दिलाय तो समुद्राचाच. सागर कितीही खवळला तरी जलचर त्याला भीत नाहीत, आणि इतके जीव पोटात वळवळतात म्हणून सागरही कंटाळत नाही. मढला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. पण एक गोष्ट निसटू देऊ नका: माउलींनी समुद्राला गप्प बसायला सांगितलेलं नाही. लाटा राहतात, जलचरांची हालचालही राहते. शांतता म्हणजे आवाज नसणं, असा इथे अर्थच नाही. तेव्हा "लेकराचे पाय बांधू का" याचं उत्तर नाही असंच आहे. घर जगण्यासाठी असतं. मात्र "आम्ही वागू तसं तुम्ही सहन करा" हेही त्यातून निघत नाही.

मग जे करता येईल ते केलं. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच. मिक्सरखाली जाड रबराची चटई, आणि वाटण संध्याकाळीच. बाहेरच्या खोलीत जाड सतरंजीवर गादी टाकली. सतरंजीने भांडं पडल्याचा, खेळणं आपटल्याचा तीक्ष्ण आवाज बराच कमी होतो, टाचांचा धप्प धप्प मात्र तितका नाही, कारण तो हवेतून न जाता स्लॅबमधूनच खाली उतरतो. म्हणून गादी. बाबा आले की खेळ गादीवर, उड्या नाहीत. रोज जमतं असं नाही. आणि काकांची सून आता आठवड्याच्या वेळा ताईंना व्हॉट्सअॅपवर कळवते. ज्या रात्री पहाटेची निघायची वेळ, त्या रात्री पोरगी बाबांना भेटून लगेच अंथरुणात. बाकीच्या रात्री काका अर्धा तास चालवून घेतात.

एक गाठ राहिली होती. दोन तक्रारी अशा होत्या की त्या दिवशी हे लोक घरीच नव्हते, ताई माहेरी गेल्या होत्या. इमारतीत आवाजाची दिशा फसवी असते. तो भिंतींतून, पाइपांतून फिरतो आणि डोक्यावरच वाजतोय असं वाटतं. बहुधा गच्चीवरच्या टाकीचा पंप आणि पाइपांचा ठोका असावा. नवऱ्याचं म्हणणं, बसच्या तिकिटाचा फोटो ग्रुपवर टाकू आणि एकदाच तोंड बंद करू. हे खरं असतं, पण पुरेसं नसतं. सतराव्या अध्यायाच्या पंधराव्या श्लोकात वाणीचं तप सांगितलंय तिथेही उद्वेग हाच शब्द आहे: बोलणं खरं हवं, गोड हवं, हिताचं हवं आणि ऐकणाऱ्याला उद्वेग न देणारं हवं. तिकिटाचा फोटो पहिल्या कसोटीला उतरतो, उरलेल्या तिन्हींत नापास. ताईंनी तारखा वहीत लिहून ठेवल्या (हे कराच, तारीख, वेळ, घरात काय चाललं होतं, मालकाशी बोलताना उपयोगी पडतं) आणि काकांना जिन्यात सांगितलं, "काका, मंगळवारी आम्ही नव्हतो, तरी आवाज आला ना? मग पंप बघायला हवा, तुम्हाला रोजच त्रास होत असणार." सेक्रेटरींकडे पंपाचा अर्ज आता दोघांच्या सह्यांनी गेलाय.

थोडं आपल्याबद्दलही, कारण हे वाचणारे बहुतेक जण देवाधर्माचे. पहाटेची काकड आरती ब्लूटूथ स्पीकरवर लावून दार उघडं ठेवणं ही सेवा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या निकालात रात्रीच्या भोंग्यांना आळा घालताना, दुसऱ्याला जबरदस्तीने ऐकवण्याचा हक्क कुणालाच नाही अशीच भूमिका घेतली होती. तिथे तर नियमांचा मुद्दा होता. आपल्यापुढे हा पंधरावा श्लोक आहे, आणि त्यात भक्त असा अपवाद नाही, उलट ते भक्ताचंच लक्षण आहे.

आणि खरोखर आवाज करणारा कुणी असेल, मढच्या भाड्याच्या बंगल्यांवर शनिवार-रविवारी रात्रभर डीजे वाजतो तसा, तर सहन करणं म्हणजे भक्ती असं समजू नका. ११२ ला फोन करा. शांतपणे, शिवी न देता. उद्वेग नसणं आणि उपाय न करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्जुनाला हा अध्याय रणांगणावरच ऐकवलाय.

मालकांनी करार वाढवलाय, या वेळी 'रात्री दहानंतर आवाज करू नये' असं एक कलम घालून. काकांची काठी अजूनही अधूनमधून वाजते. ताई म्हणतात, वाजली की मुलगीच आधी म्हणते, "काका झोपलेत", आणि गादीवर जाऊन बसते.

आज दिवसभरात, घरातून निघणारा एक आवाज शेजाऱ्याच्या कानाने ऐकून पाहा. उद्या सोळावा श्लोक.

राम कृष्ण हरी.