कॅशवर बसवण्याआधी

बँकेत नवा माणूस हजर झाला की शाखेत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "आला बाबा एकदाचा." दुसरं, "बस इथं, बघून बघून शिकशील." माणसं इतकी कमी असतात, की आलेल्या पोराकडे शिकाऊ म्हणून कोणी बघत नाही, एक रिकामी खुर्ची भरली, एवढंच दिसतं. मी राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून लागलो, पुढे अधिकारी झालो, शेवटी शाखा सांभाळून निवृत्त झालो. मधल्या काळात शेजारच्या काउंटरवर एका मुलाचं जे झालं, ते पाहून मी माझ्या शाखेत काही पद्धती पाडल्या. दोन्ही सांगतो.

बँकभरतीची आयबीपीएसची सामाईक परीक्षा २०११ साली सुरू झाली. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडच्या शाखांमध्ये पोरंपोरी येऊ लागली. हा मुलगा कोल्हापूरकडचा, हुशार, अक्षर मोत्यासारखं. गाव मराठवाड्यातलं, गुरुवारच्या बाजाराचं. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतली माणसं पैसे काढायला, पेन्शन घ्यायला, पासबुक छापून घ्यायला येतात. शटर वर गेलं की दुपारपर्यंत कॅशियरला मान वर करायला सवड नसते. तो रुजू झाला त्याच आठवड्यात आमचे कॅशियर मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेले आणि गुरुवारी या मुलाला कॅशवर बसवलं. "नोटा मोजायला मशीन आहे, तुला काय करायचंय?" हे मॅनेजरसाहेबांचं प्रशिक्षण.

आता गावात निम्मे लोक शिंदे. टोकनं केव्हाच बंद झालेली. कॅशियर स्लिपवरचं नाव वाचून हाक मारणार. आमचे जुने कॅशियर हाक मारल्यावर लगेच पैसे कधीच देत नसत. आधी "किती काढले?" असं विचारत. समोरच्याने सांगितलेला आकडा हातातल्या स्लिपशी जुळला, की मगच नोटा खिडकीबाहेर जात. ही सवय इतकी अंगवळणी पडलेली, की ती कोणाला सांगावी लागते हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. मुलाने "शिंदे" अशी हाक मारली, पुढे आलेल्याला वीस हजार दिले. त्या शिंद्यांची स्लिप दहाची होती. थोड्या वेळाने वीसवाले शिंदे आले, पासबुकात वीस हजार वजा झालेले, हातात काही नाही. त्यांनाही वीस द्यावे लागले.

संध्याकाळी दहा हजार कमी. कॅश कमी पडली तर कॅशियरने भरायची, हा बँकेतला जुना रिवाज. पहिल्या शिंद्यांनी दहाच मिळाल्याची शपथ घेतली. कॅमेऱ्यात टोप्या आणि पाठी सोडून काही दिसेना. मुलाने घरून पैसे मागवून भरले. पहिल्या पगारातला अर्ध्याहून मोठा वाटा गेला.

कॅश कमी पडणं मी फार मोठं मानत नाही. कॅशवर बसलेल्या प्रत्येकाची कधी ना कधी पडली आहे. बिघडलं ते त्यानंतर. दुसऱ्या दिवशी कोणीतरी ग्राहकांसमोर म्हणालं, "काय रे, कोल्हापुरात शिंदे नसतात का?" सगळे हसले. मग त्याचं नावच 'दहा हजारी' पडलं. त्या दिवसापासून मुलाने विचारणं बंद केलं. सही जुळत नसली तरी अंदाजाने पास, फॉर्म अर्धा असला तरी घेऊन ठेवायचा. काही आठवड्यांनी संध्याकाळची कॅश बांधताना त्याच्या हाती एक संशयास्पद हजाराची नोट लागली. कोणाकडून आली हे आता सांगता येण्यासारखं नव्हतं. सांगितलं तर पुन्हा हसणार, पुन्हा खिशातून भरावे लागणार, या भीतीने त्याने ती नोटांच्या पाकिटात घालून टाकली. पाकीट करन्सी चेस्टला गेलं, तिथे नोट सापडली. पाकिटाच्या पट्टीवर सही याची. शाखेला पत्र आलं, याच्याकडे लेखी खुलासा मागितला. क्लार्कचं प्रोबेशन सहा महिन्यांचं असतं. ते संपायच्या आत त्याने राजीनामा दिला.

खोट्या नोटेबाबत नियम अगदी स्पष्ट आहेत. काउंटरवर सापडली तर ग्राहकाला परत द्यायची नाही, तिच्यावर शिक्का मारून जप्त करायची, पावती द्यायची, रजिस्टरला नोंद करायची. एका व्यवहारात चारपर्यंत सापडल्या तर महिनाअखेरीला पोलिसांना एकत्रित अहवाल, पाच किंवा जास्त असतील तर लगेच एफआयआर. हे सगळं त्याला ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकवलं होतं, परीक्षेत त्याला मार्कही पडले असतील. नियम माहीत असून त्याने दडवलं, कारण शाखेत तोंड उघडायची त्याला सोय राहिली नव्हती.

अशा वेळी जुनी माणसं म्हणतात, "आम्हाला कोणी शिकवलं होतं? आम्ही शिकलोच ना?" इथे माझं त्यांच्याशी भांडण आहे. आम्हाला शिकवलं गेलं होतं, फक्त शिकवतायत हे कळत नव्हतं. लेजरच्या काळात दिवसाचा हिशोब हाताने जुळवावा लागे. सात रुपयांचा फरक आला तरी सगळी शाखा बसे. एक जण व्हाउचर वाचे, दुसरा लेजरला टिक करी, तिसरा बेरजा तपासे. त्या दोन तासांत नव्या माणसाला डेबिट-क्रेडिट कळे, कोणाचं खातं कसलं हे कळे आणि मुख्य म्हणजे चुका सगळ्यांच्याच होतात हे डोळ्यांनी दिसे. हेडक्लार्कची बेरीजही चुकायची. कोअर बँकिंग आल्यावर हिशोब संगणक जुळवतो. फार चांगलं झालं, त्या जागरणांची मला मुळीच आठवण येत नाही. पण त्याबरोबर संध्याकाळची ती शाळाही बुडाली. आता प्रत्येकाचा वेगळा स्क्रीन, वेगळा आयडी. शेजारी काय करतोय हे दिसत नाही.

त्यात आणखी एक भर पडली. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती आणली, हजारोंनी लोक गेले, आणि भरती बरीच वर्षं जेमतेम राहिली. त्यामुळे नवी मुलं आली तेव्हा शाखेत एकीकडे पन्नाशी ओलांडलेले आम्ही आणि दुसरीकडे बावीस-तेवीसची ती. मधली फळीच नाही. बावीस वर्षांचा मुलगा पंचावन्नच्या माणसाला "काका, हे पुन्हा सांगता का?" असं एकदा विचारेल, दोनदा विचारेल, तिसऱ्यांदा गप्प बसेल.

म्हणून शाखा माझ्याकडे आल्यावर मी पहिली गोष्ट ही केली, की नवा माणूस आला की त्याला एक सोबती नेमून द्यायचो. सोबती शक्यतो दोन-तीन वर्षांपूर्वीच लागलेला. त्याला स्वतःला काय अडलं होतं ते ताजं आठवत असतं. हे मोघम सोडायचं नाही, सगळ्यांसमोर नाव घेऊन सांगायचं: "पहिले तीन महिने हिचे सगळे प्रश्न तुझ्याकडे." नाहीतर नवी मुलगी ज्याच्या टेबलावर जाईल तो पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो.

दुसरी गोष्ट कामाचा क्रम. आधी पासबुक छपाईच्या खिडकीवर. हे काम हलकं समजतात, पण तिथे सगळं गाव येऊन जातं. चेहरे, नावं, वाड्या-वस्त्या ओळखीच्या होतात. मग खातं उघडणं आणि केवायसीचे कागद, मग चेक क्लिअरिंग, मग मुदत ठेवी. कॅश सर्वांत शेवटी, तीही आधी कॅशियरच्या शेजारी बसून, बाजार नसलेल्या दिवशी. मंडळी म्हणतील, एवढा वेळ कुठाय? कॅशियर रजेवर गेल्याच्या दिवशी मॅनेजरने स्वतः कॅशवर बसावं. मी बसलो आहे; पद खाली येत नाही.

शिपाईमामांना विसरू नका. आमच्या शाखेत कोणते शिंदे कोणत्या वस्तीवरचे, कोणाला लिहिता येत नाही, कोणाचा मुलगा बापाच्या नावाने स्लिप भरतो, हे त्यांना पाठ होतं. प्रत्येक नव्याला मी पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर चहाला पाठवत असे. खोली आणि मेस त्यांनीच बघून द्यायची. नवा माणूस रात्री लॉजवर झोपत असेल आणि वडापाववर दिवस काढत असेल, तर त्याच्याकडून कामात लक्षाची अपेक्षा करू नये.

क्लार्क निदान राज्याची भाषा जाणणारे असतात. अधिकारी मात्र देशभरातून येतात. पाटण्याचा किंवा गुंटूरचा मुलगा शेतीकर्जाच्या टेबलावर बसतो आणि समोरचा शेतकरी म्हणतो, "साहेब, फेरफार झालाय, पण बोजा अजून उतरला नाही." त्याला काय कळणार? माझ्याकडे आलेल्या अशा अधिकाऱ्यांना मी एक वही करायला लावत असे: सातबारा, आठ अ, फेरफार, बोजा, वारस नोंद, हयातीचा दाखला. प्रत्येक शब्दासमोर त्याने स्वतःच्या भाषेत अर्थ लिहायचा आणि एक खरा कागद चिकटवायचा. दोन महिन्यांत वही भरते. शिवाय आठवड्यातून एकदा तपासणीला गावात न्यायचं.

शाखेचं वर्षही त्याला आधी समजावून द्यावं. एप्रिल ते जून खरिपाची पीककर्जं, नोव्हेंबरात पेन्शनरांची हयातीच्या दाखल्यासाठी रांग, मार्चमध्ये वसुली. ३१ मार्च ही त्याला बँकेची वर्षअखेर वाटते. आमच्याकडच्या शेतकऱ्याला ती पीककर्ज भरायची शेवटची तारीख असते. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची ३ टक्के व्याज सवलत मिळते, राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना वेगळी. मुदत टळली की सवलत जाते. हे माहीत नसलेला अधिकारी ३१ तारखेला सहज म्हणून जातो, "कल आइए."

पासवर्डबद्दल मात्र मी कडक होतो. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने पास करायची, ही व्यवस्था गर्दीच्या दिवशी अशी मोडते: साहेब जेवायला जातात आणि नव्या मुलाला सांगतात, "माझ्या आयडीने पास करून टाक." नवा मुलगा नाही म्हणू शकत नाही. पुढे चौकशी लागली तर साहेब तर अडकतातच, मुलाच्या नोकरीवरही पहिला डाग तिथेच पडतो. नव्याला हे सांगून भागत नाही. ज्येष्ठांना त्याच्यासमोर बजावावं लागतं, म्हणजे नाही म्हणायला त्याला आधार मिळतो.

आणि रोज दिवसअखेर झाल्यावर पंधरा मिनिटं. आज काय अडलं, एवढंच. सुरुवात मी माझ्या चुकलेल्या कामापासून करायचो, म्हणजे बाकीचे बोलते होत. ग्राहकांसमोर कोणाला बोलायचं नाही आणि टोपणनावं ठेवायची नाहीत, हा नियम मी तोंडी ठेवला होता, पण तो मोडणाऱ्याला मी केबिनमध्ये बोलावत असे. सगळेच नवे सुधारले असं सांगणार नाही. काहींचं लक्ष शेवटपर्यंत मोबाइलमध्ये राहिलं, एक-दोघांना दुसऱ्या परीक्षेची तयारीच करायची होती. त्यांच्यासाठी फार जीव टाकू नये.

नवा माणूस कॅशवर बसायला लागला म्हणजे शिकणं संपलं, असंही नाही. सहा महिन्यांनी जेएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरायला लावा. पास झाला की क्लार्कला एक वेतनवाढ मिळते, पुढे सीएआयआयबीला आणखी. पेपरच्या आधी दोन दिवस रजा द्या. मार्च एंड नसेल तर ती देता येते, देता येत नाही म्हणणारे मॅनेजर मला आळशी वाटतात.

आता जे नव्याने लागलेत त्यांना. पैसे देण्याआधी "किती काढले?" विचारा, रांग कितीही लांब असो. कॅश जुळली नाही तर शटर खाली येण्याआधी सांगा. तेव्हा स्लिपा टेबलावर असतात, कॅमेऱ्यातलं ताजं बघता येतं, ग्राहक अजून बाजारात सापडतो. रात्री घरी जाऊन विचार केलात, तर सकाळपर्यंत तो गावाला गेलेला असतो.