चष्मा काढण्याआधी थोडं गणित

रोज टू-व्हीलरवरून अप-डाऊन करणाऱ्याला चष्म्याचा वैताग काय असतो ते विचारा! आमच्या शिवऱ्याहून निघालं की खेड शिवापूरपर्यंत ट्रकची धूळ, पुढे कात्रजच्या बोगद्यापर्यंत काचेवर पावसाचे थेंब, आणि हेल्मेट काढताना चष्म्याची काडी अडकते ती वेगळीच. म्हणून सेकंड इयरची परीक्षा संपल्यावर ठरवलं की लेझर करून टाकायचं. दोन ठिकाणचे दर काढले, पंधरा हजारांचा फरक निघाला. स्वस्त कुठलं ते घरी सांगितलं, तर आजोबा म्हणाले, "बैल घेताना आधी दात बघतोस का भाव?"

दात बघायचे म्हणजे काय, ते नंतर कळलं.

या लेझरमागे आपलाच एक माणूस आहे. मद्रासला जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत होते. १९८१ साली त्यांनी सणाच्या जेवणातल्या उरलेल्या टर्कीवर एक्सायमर लेझर मारून पाहिला. कड जळली नाही, स्वच्छ खाच पडली. १९३ नॅनोमीटरचा हा अतिनील किरण रेणूंचे बंध तोडतो आणि आजूबाजूच्या पेशींना फारशी उष्णता लागत नाही. डोळ्यात हाच किरण कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, तासून त्याचा आकार बदलतो. आपल्या वर्कशॉपमधलं मशीनिंगच म्हणा! फरक एवढाच, की जॉब बिघडला तर नवा मिळत नाही. तासलेला भाग पुन्हा भरून येत नाही.

आता गणित. हे मनरलिनचं सूत्र, आणि ते बारावीच्या मुलालाही जमेल. किती खोल तासायचं (मायक्रॉनमध्ये) ते काढायला तासायच्या वर्तुळाच्या व्यासाचा (मिलिमीटरमध्ये) वर्ग करायचा, त्याला चष्म्याच्या नंबराने गुणायचं आणि ३ ने भागायचं. माझा नंबर उणे ६. साडेसहा मिलिमीटरचं वर्तुळ धरलं तर जवळपास ८५ मायक्रॉन. लॅसिकमध्ये आधी वरचा एक पातळ पापुद्रा उचलतात, तो साधारण ११० मायक्रॉन. एकूण १९५. कॉर्नियाची जाडी सरासरी ५४० च्या आसपास असते, माझी भरली ४७८. खाली उरले २८३. किमान २५० उरायलाच हवेत हा जुना दंडक. बरेच सर्जन आज ३०० धरतात. शिवाय पापुद्रा आणि तासणं मिळून जाडीच्या ४० टक्क्यांपुढे जाऊ नये असंही पाहतात. माझं ४०.८!

स्वस्त ठिकाणी मला सांगितलं होतं, "बसतंय, उद्या या." कसं बसतंय? वर्तुळ सहा मिलिमीटरचं केलं की ७२ मायक्रॉनच तासावं लागतं, उरतात २९६, आणि टक्के येतात ३८. कागदावर पास. पण अंधारात बाहुली मोठी होते. ती तासलेल्या वर्तुळाबाहेर गेली की समोरच्या दिव्याभोवती कडी दिसण्याची शक्यता वाढते. रात्री हायवेवर समोरून ट्रक येत असताना मला हे नको होतं. आणि सूत्र म्हणजे अंदाज. प्रत्यक्षात मशीन बऱ्याचदा थोडं जास्तच काढतं.

तिथे तपासणी झाली वीस मिनिटांत. मी सॉफ्ट लेन्स आदल्या रात्रीच काढली होती, हे कुणी विचारलंही नाही. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो, त्यामुळे सॉफ्ट लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून जास्त दिवस बंद ठेवून मगच मोजमाप घ्यायचं असतं. सर्जन भेटलेच नाहीत. "ते ऑपरेशनच्या दिवशी येतात," असं काउंटरवरच्या ताईंनी सांगितलं.

दुसऱ्या ठिकाणी दोन आठवड्यांनी बोलावलं. जाडी, पुढून-मागून आकाराचा नकाशा, अंधारातली बाहुली, डोळ्यांचा कोरडेपणा, सगळं पाहिलं. दोन वर्षांपूर्वीच्या चष्म्याची चिठ्ठी मागितली, कारण नंबर वर्षभर तरी स्थिर हवा. आणि मॅडमनी विचारलं, "डोळे चोळतोस का?" चोळतो की! धूळच तेवढी असते. नकाशात खालच्या बाजूला थोडा जास्त उतार दिसत होता. केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याची, ही सुरुवात असू शकते. नसेलही. पण अशा डोळ्यावर लॅसिक केलं तर कॉर्निया फुगत जाण्याचा धोका असतो, आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. त्या म्हणाल्या, "मी करणार नाही. वर्षाने परत नकाशा काढू."

तेव्हा तुम्ही जाल तिथे स्वतःचे आकडे कागदावर मागा आणि गणित स्वतः करून बघा. तपासणारा आणि ऑपरेशन करणारा एकच आहे का, वर्षभराच्या फेऱ्या आणि लागलंच तर पुन्हा लेझर पॅकेजमध्ये आहे का, तेही विचारा. कबड्डी-कुस्ती खेळत असाल तर आधीच सांगा. पापुद्रा मार लागून नंतरही सरकू शकतो, म्हणून अशांसाठी बिनपापुद्र्याची पीआरके सुचवतात. तिच्यात चार दिवस दुखतं आणि नजर उशिरा स्थिरावते. आणि घरची शेती असेल तर लावणीच्या तोंडावर तारीख घेऊच नका, चिखलाचं पाणी डोळ्यात जाऊन चालत नाही.

आईला मात्र पटलं नाही. "नाही म्हणायचे पैसे घेतले होय त्यांनी?" घेतले, तपासणीचे. पुढच्या जूनमध्ये परत जायचंय. तोवर चष्म्याला मागून दोरी बांधलीय, लावणीत वाकलं तरी पडत नाही.