फिक्सीवर निघालेल्या भाचीस

घोडबंदर

चि. सायलीस,



जानेवारीतल्या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांबच्या राइडला, तू फिक्स्ड गिअरची सायकल घेऊन ग्रुपबरोबर उतरणार आहेस, हे ताईकडून कळलं. तिला धाकधूक आहे. मला मात्र मनापासून आनंद झाला. मी ब्रेव्हेच्या रस्त्यावरच राहतो, पहाटे वर्सोवा पुलावरून जाणारे सायकलवाल्यांचे दिवे रोज पाहतो, म्हणून चार गोष्टी हक्काने लिहितो आहे. नीट वाच.

तुझ्या सायकलीला फ्रीव्हील नाही. मागचं चाक फिरतं आहे तोवर पेडल फिरणार आणि पाय चालणार. एकटीने चालवताना ही सवय काही दिवसांत अंगवळणी पडते. पण ग्रुपमध्ये तुझ्या प्रत्येक हालचालीचा परिणाम मागच्या माणसाला भोगावा लागतो. साध्या सायकलवर पुढच्याने पाय थांबवले की फ्रीव्हीलची टिकटिक सुरू होते. ती ऐकूनच मागचा सावध होतो. तू पायांनी चाक रोखशील तेव्हा असा आवाज होणार नाही आणि ब्रेककडे जाणारा हातही कुणाला दिसणार नाही. म्हणून तुला तोंडाने सांगावं लागेल. ‘हळू’, ‘थांबतेय’, ‘खड्डा डावीकडे’ हे शब्द मोठ्याने, वेळेवर आणि दर वेळी म्हणायचे. नुसता हात दाखवण्यावर भागवू नकोस, कारण पहाटेच्या अंधारात हात दिसत नाही.

सुरुवातीलाच ग्रुपच्या म्होरक्याला सांग की माझी सायकल फिक्स्ड आहे. मग आपली जागा ओळखून चाल. सपाटीवर पुढच्या सायकलच्या चाकापासून निदान एक सायकलभर अंतर ठेव. चढ आला की गोष्ट उलटते. बाकीचे हलका गिअर टाकून सावकाश चढतील. तुझ्याकडे एकच गिअर आहे, त्यांच्या वेगाने गेलीस तर पाय जड होऊन सायकल अडखळेल. तेव्हा मागून गाडी येत नाही हे बघून, आवाज देऊन, पुढे नीघ आणि माथ्यावर रस्त्याच्या बाहेर थांब. उताराला मात्र सगळ्यांना पुढे जाऊ दे, तू शेवटी राहा. ते पाय थांबवून सुसाट जातील. तुझे पाय तितके वेगाने फिरू शकत नाहीत आणि तू त्यांच्या मधे असणं कुणाच्याच हिताचं नाही. मनोरच्या पुढे मेंढवण खिंडीत हे विशेष लक्षात ठेव. तिथे वळणही आहे आणि उतारही, शिवाय ट्रक.

याचा हिशोब एकदा मांडून बघ. तुझ्या चेनव्हीलला ४४ दाते आणि मागच्या कॉगला १७. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ५.४ मीटर पुढे जाते. ताशी २५ किलोमीटरला मिनिटाला ७७ फेरे होतात, ते दिवसभर जमतील. उतारावर वेग ४० झाला की फेरे १२३ होतात. तेवढ्या गतीला पाय गोल फिरत नाहीत, अंग खोगिरावर उडायला लागतं आणि हँडल डुलतं. त्या आधीच ब्रेक लावायचा.

ब्रेक पुढचा आणि मागचा, दोन्ही हवेत. सायकल सुटसुटीत दिसावी म्हणून ते काढणारे पुष्कळ आहेत. त्यांचं ऐकू नकोस. वेलोड्रोमवर ब्रेक नसतात, कारण तिथे सगळ्यांच्याच सायकली तशा असतात आणि समोर रिक्षा वळत नाही. रस्त्यावर पायांनी मागचं चाक अडवलं, तर वजन पुढे सरकल्यामुळे ते चाक नुसतं घसरतं आणि थांबायला अंतर जास्त लागतं. खरा जोर पुढच्या ब्रेकमध्येच असतो.

वळणावर आतल्या बाजूचं पेडल वर धरून ठेवता येत नाही. ते खाली येणारच आणि सायकल फार झुकली असेल तर रस्त्याला टेकून तुला फेकून देईल. म्हणून वळण मोठं घे, वेग आधी कमी कर. खड्ड्यावर किंवा पुलाच्या सांध्यावर खोगिरावरून अंग किंचित उचलून घे, पण पाय चालू ठेव. नदीवरच्या पुलांवर कडेची पट्टी अरुंद होते, तिथे एकामागे एक चला.

ही सायकल मागासलेली आहे असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस. १९०३ साली टूर द फ्रान्स सुरू झाली आणि १९३७ पर्यंत तिथे गिअर बदलणाऱ्या डिरेलरला परवानगी नव्हती. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन कॉग असत, घाटाआधी उतरून चाक उलटं बसवत. तुझ्या हबलाही तशाच दोन बाजू आहेत. एकीकडे फिक्स्ड कॉग, दुसरीकडे फ्रीव्हीलची जागा. त्या दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील बसवूनच नीघ. तलासरीहून परतताना गुडघे बोलू लागले तर चाक उलटं कर आणि ये. त्यात कमीपणा काहीच नाही.

त्यासाठी १५ मिलिमीटरचा पाना बरोबर हवा, कारण तुझं चाक नटांवर आवळलेलं आहे. कॉगच्या बाहेरची रिंग उलट्या आट्याची असते, राइडला निघण्याआधी ती दुकानात घट्ट करून घे. चेन मधोमध दाबली तर साधारण सेंटिमीटरभर हलावी. फार ढिली असली तर उतरेल आणि चाक जागीच अडकेल. आणखी एक गोष्ट जिवाच्या तळमळीने सांगतो. चाक फिरत असताना फडक्याने चेन कधीही पुसू नकोस. फ्रीव्हीलच्या सायकलवर पेडल थांबतं, इथे चेन थांबत नाही, बोट कॉगमध्ये ओढलं जातं. बुटाच्या नाड्याही आत खोचून बांध.

या सायकलवर पायांना फुकटची विश्रांती मिळत नाही, ती तुला ठरवून घ्यावी लागेल. प्रत्येक कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या थांब्यावर, उतर, गुडघे मोकळे कर, खा, पाणी भर. चालत्या सायकलवर बाटली काढणं आणि जागेवर ठेवणं आताच घटवून घे. वेळ भरपूर आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ सुद्धा पुरतात. दुपारी वारा तोंडावर आला तर वेग जाऊ दे, गुडघ्यांवर जबरदस्ती करू नकोस.

ब्रेव्हेआधी दोन-तीन रविवार माझ्याकडे ये. घोडबंदर रोडवर आणि गायमुखच्या घाटात सराव करायचा नाही, तिथे कंटेनर तुला सांभाळून घेणार नाहीत. आपण पहाटे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या चढाला जाऊ. चढ कसाही जमेल, मला तुझा उतार बघायचा आहे. मी मागे राहीन आणि तुझा आवाज वेळेवर येतो का, ते ऐकेन.

ब्रेव्हेत पहिला-दुसरा नंबर नसतो, वेळेत पोचलेले सगळे सारखेच. तेव्हा तुला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. दिवसभर तुझ्या मागे सायकल चालवलेला माणूस पुढच्या राइडला आपणहून तुझ्या मागे यायला तयार झाला, तर तुला फिक्सी येते असं मी मानेन.

ताईला सांग, मी हे सगळं लिहिलं आहे. तिलाही वाचून दाखव.

तुझा,
मामा