गाडी कुणी जुंपायची?

२०२३च्या अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी मी वाळूजहून मंठ्याला माहेरी आले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. त्यात नवऱ्याची कंपनीतली पाळी दर आठवड्याला बदलायची, म्हणजे तिथं राहून माझ्याजवळ रात्री कोण थांबणार हाही प्रश्न होताच. पस्तीस आठवडे भरले होते. पुढचे पाच आठवडे मी पत्र्याच्या घरात, मेच्या उन्हात, एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला आजी असे काढले. आता धाकट्या चुलतबहिणीला नववा लागलाय. ती रोज रात्री फोन करून एकच विचारते, "ताई, कळा लय दुखतात का गं?" मी म्हणते, कळांचं नंतर बघू, आधी बाकीचं ऐक. ते बाकीचं इथं ओळीनं मांडलंय.

१. तारीख गल्लीला सांगू नये

माझ्या कार्डावर २७ मे लिहिलं होतं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून ही तारीख काढतात. पण नेमकी तारीख गाठणारं बाळ विसांत एखादंच असतं. सदतिसाव्या आठवड्यापासून बेचाळिसाव्यापर्यंत कधीही कळा सुरू होऊ शकतात. मी मात्र २७ तारीख सगळ्या गल्लीला सांगून बसले होते. २८ला सकाळी नळावर पहिला प्रश्न आला, "अजून हाईसच का?" २९ला तीन जणींनी विचारलं. ३०ला मी नळावर गेलेच नाही. विचारणाऱ्यांना "जूनच्या सुरुवातीला" एवढंच सांगावं. आपण मात्र तारीख उलटल्यावरही तपासणी चुकवू नये, आणि एक्केचाळिसावा आठवडा भरत आला तर पुढं काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

२. माहेरी आल्यावर पहिली भेट आशाताईंची

आपल्याला वाटतं, वाळूजला नाव नोंदवलंय, सोनोग्राफी झालीये, आता काळजी कसली. पण रात्री दोन वाजता मंठ्यात जी सिस्टर दार उघडणार, तिनं आपल्याला कधी पाहिलेलंच नसतं. तिला आपली ओळख कागदच करून देतात. मी आल्या आल्या आशाताईंनी माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगट, सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधार आणि बँकेचं पासबुक एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायला लावलं आणि ती दाराच्या खुंटीला टांगली. पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे ५००० रुपये मिळतात, त्यासाठीही हेच कागद लागतात.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी असते. ९ मेच्या तपासणीत माझं हिमोग्लोबिन ९.४ निघालं. अकराच्या खाली म्हणजे रक्त कमीच. गोळ्या तर मी रोज घेत होते. आशाताईंनी विचारलं, कशासोबत? चहासोबत! चहानं लोह अंगी लागत नाही. त्या दिवसापासून गोळी लिंबूपाण्यासोबत आणि चहा दोन तास लांब. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळेला. पुढच्या तपासणीत आकडा दहावर गेला होता. बाळंतपणात रक्त जातंच. जाण्याआधी ते अंगात असायला हवं.

३. मे महिन्यात पाणी हेच औषध

दुपारी एकनंतर आमचं घर भट्टी होतं. त्यात लाइट गेली की विचारायलाच नको. माठातलं पाणी, ताक, लिंबू-साखर-मीठ, ओला पंचा मानेवर, एवढ्यावर मी दुपारी काढल्या. पाणी कमी पडलं की पोट वरचेवर आवळून येतं, हे मला दोन वेळा घाबरून मग कळलं. झोप कुशीवर, शक्यतो डाव्या; दोन गुडघ्यांमध्ये उशी. उताणं झोपलं की पोटाचं ओझं मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतं आणि गरगरतं.

संध्याकाळी पावलं सुजायची, ते बहुतेकींना होतं. पण तोंड आणि हात एकाएकी सुजले, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले किंवा छातीखाली पोटात दुखलं, तर ते उन्हामुळे आहे असं म्हणून झोपून राहायचं नाही. रक्तदाब वाढल्याच्या या खुणा आहेत. रक्तस्राव आणि तापाचंही तेच: थेट दवाखाना.

४. खोट्या कळांची लाज बाळगू नये

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री पोट दर दहा-बारा मिनिटांनी दगडासारखं व्हायला लागलं. दवाखाना गाठला. तिथं मला पाणी पाजलं, कुशीवर झोपवलं, तासाभरात सगळं थांबलं. पहाटे परत येताना मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की आईशीही बोलले नाही. पण सिस्टरनं जाताना जे सांगितलं ते मोलाचं होतं. खोटी कळ चाललं, झोपलं, पाणी प्यालं की विरते. खरी विरत नाही. दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं आणि जोर वाढत जातो. पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं की निघायचं. दवाखाना लांब असेल तर त्याच्याही आधी. शेवटी ती म्हणाली, "दहा वेळा आलीस तरी दार उघडीन."

५. लेकरू गप्प झालं तर सकाळची वाट पाहू नये

"नववा लागला की लेकरू गप पडतं," हे मी तीन बायांच्या तोंडून ऐकलं. ते खरं नाही. जागा कमी झाली म्हणून हालचालीचा प्रकार बदलतो, लाथेऐवजी ढुशी आणि सरकणं जाणवतं. पण हालचाल कमी व्हायला नको. मी रोज रात्री जेवून डाव्या कुशीवर पडायचे आणि जोंधळ्याचे दाणे एका वाटीतून दुसरीत टाकत मोजायचे. दहा दाणे बहुतेक वेळा अर्ध्या तासातच व्हायचे. दोन तासांत दहा झाले नाहीत किंवा रोजच्यापेक्षा लेकरू मंद वाटलं, तर घड्याळ न बघता जायचं. मोजताना लेकीची माझी ओळख झाली, हा वरचा फायदा.

६. गाडी कुणी जुंपायची, हे आधी ठरवावं

ही गोष्ट आजीची. सात बाळंतपणं, एक सोडून सगळी घरातच, सुईणीच्या हातून झालेली बाई. पण तिसऱ्याबद्दल ती कधी बोलत नसे. एका दुपारी लाइट गेलेली, मी आडवी पडलेली, ती पंख्यानं वारा घालत होती आणि आपणहून बोलायला लागली.

बहात्तरचा दुष्काळ. पहाटे कळा सुरू झाल्या, दुपारपर्यंत सुईण म्हणाली, लेकरू आडवं हाय, मला जमायचं नाही, दवाखान्यात न्या. सासरे दुष्काळी कामावर पगार घ्यायला गेलेले. बैल दावणीला होते. खंगलेले, पण होते. नवरा अंगणात उभा होता. "पण मामंजींला इचारल्याबिगर गाडी कोण जुंपणार?" सासरे दिवेलागणीला आले. गाडी निघाली तेव्हा रात्र झाली होती. लेकरू वाटेतच गेलं. "मी वाचले," एवढं बोलून आजीनं पंखा या हातातून त्या हातात घेतला.

त्या संध्याकाळी मी वहीचं एक पान फाडलं. आई, भाऊ, आजी सगळ्यांना बसवलं, नवऱ्याला फोनवर घेतलं. आधी १०८ला फोन, १०२ दुसरा. तोवर समोरच्या काकांच्या जीपला सांगून ठेवायचं. किल्ली कुठं असते तेही लिहिलं. आधी मंठ्याचं ग्रामीण रुग्णालय. तिथून पुढं पाठवलं तर वाटूर फाट्यावरून जालना, साठेक किलोमीटर. रक्त लागलं तर माझ्या गटाचे दोन जण कोण. घरात तीन हजार रोख. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं आणि एका दवाखान्यातून दुसऱ्यात न्यायची गाडी, हे सगळं जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. तरी खिसा रिकामा नसावा.

सगळ्यात शेवटची ओळ लिहायला वेळ लागला. निघायचं की नाही, हे मी आणि आई ठरवणार. नवऱ्याचा फोन लागला नाही, सासूबाईंना विचारायचं राहिलं, भाऊ घरी नसला, तरी थांबायचं नाही. नवरा फोनवर म्हणाला, "मला नंतर कळवलं तरी चालेल." त्याचं हे एक वाक्य मला सगळ्या डोहाळजेवणाहून मोठं वाटलं. पान दाराच्या मागं चिकटवलं.

७. सल्ल्यांची चाळणी ठेवावी

शेवटच्या महिन्यात ज्याला त्याला आपल्या पोटाविषयी मत असतं. भातावर तूप घे, लेकरू सरकतं. सरकत बिरकत नाही, पण चमचाभर तुपानं बिघडतही नाही; मी आजीचं मन राखलं. कमी खा म्हणजे लेकरू लहान राहून लवकर सुटेल, हे मात्र ऐकलं नाही. एरंडेल घे, कळा येतील, हेही नाही. त्यानं जुलाब होतात आणि अंगातलं पाणी जातं. एका ओळखीच्या बाईनं तर घरी येऊन "कळांचं इंजेक्शन" देणाऱ्याचा नंबर दिला. ते इंजेक्शन घरी कधीही घेऊ नये. दवाखान्यात ते सलाइनमधून, थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत देतात. घरी टोचलं तर पोटातल्या लेकराचा श्वास कोंडू शकतो, गर्भपिशवीही फाटू शकते.

८. श्वास जात्याकडून शिकावा

कळांसाठी मी मोबाइलवर व्यायाम बघत बसले होते. आजी हसली. "दळताना काय करतो आपण? घास टाकताना दम घ्यायचा, खुंटा वढताना सोडायचा." आम्ही दोघी रोज संध्याकाळी रिकाम्या हातांनी जातं ओढायचो. श्वास नाकानं आत, तोंडानं लांब बाहेर. खांदे सैल, दात उघडे. भाऊ बघून हसायचा. पण खऱ्या कळेत माझ्या अंगाला आठवलं ते हेच. सकाळ-संध्याकाळ फिरणंही ठेवलं, ऊन उतरल्यावर. आणि आणखी एक: सरकारी दवाखान्यात बाळंतपणावेळी जवळ एक बाई सोबतीला ठेवण्याला २०१६पासून केंद्र सरकारची मान्यता आहे. आपल्याकडं तशी सोय आहे का, हे तपासणीच्या वेळीच विचारावं. माझ्यासोबत आई राहणार, हे ठरलं होतं.

९. पिशवी हलकी भरावी

आजीच्या जुन्या लुगड्याचे धुऊन कडक उन्हात वाळवलेले तुकडे, बाळाची झबली-टोपडी, दोन गाऊन, पॅड, चप्पल, पाण्याची बाटली, बॅटरी, चार्जर, शेंगदाण्याचे दोन लाडू. बास. डिंकाचे लाडू आणि बाळंतविडा घरी वाट बघतात.

१०. बाळाच्या पहिल्या तासाचं भांडण आधीच मिटवावं

आमच्याकडं पहिल्यांदा मध चाटवायची पद्धत. मला ते नको होतं. बाळंतीण झोपलेली असताना हा वाद घालता येत नाही, म्हणून मी आठव्या महिन्यातच आजीजवळ विषय काढला. तासाभराच्या आत अंगावर घ्यायचं, पहिलं पिवळसर चीक दूधच द्यायचं, मध-गुटी काही नाही, चोवीस तास आंघोळ नाही. आजी फुरंगटली. मग मी म्हटलं, गाईचा चीक तू वासराला आधी पाजतेस की नाही? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पाजते." विषय संपला.

११. 'नॉर्मल'चा हट्ट धरू नये

३० मेच्या रात्री पावणेतीनला अंथरूण ओलं झालं. कळ एकही नाही. पाणी गेलं की कळांची वाट बघायची नसते, एवढं माहीत होतं. स्वच्छ कपडा घेतला, बॅटरीच्या उजेडात रंग पाहिला: हिरवट. म्हणजे बाळानं आतच शी केली होती. आईनं दाराच्या पानाकडं बघितलंसुद्धा नाही, पाठच होतं. भाऊ रात्रपाळीला होता. काकांची जीप अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा आजी खुंटीवरची पिशवी घेऊन दारात होती.

मंठ्याला बाळाचे ठोके ऐकून लगेच जालन्याला पाठवलं. रुग्णवाहिकेत कळा सुरू झाल्या. वाटूर फाट्यापर्यंत मी जातं ओढत होते. जालन्याच्या स्त्री रुग्णालयात सिझर झालं. पाच आठवडे मी मनात फक्त नॉर्मलची तयारी केली होती, त्यामुळे पहिले दोन दिवस परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटत होतं. ते वाटणं चुकीचं होतं. चुलतबहिणीला मी सांगितलंय, दोन्ही वाटा मनात आधीच चालून ठेव.

सकाळी आईनं घरी फोन लावून तो माझ्या कानाला धरला. मला वाटलं, आजी विचारणार, पोरगा का पोरगी. तिनं विचारलं, "पाणी गेल्यावर किती येळानं निघालात?"

"वीस मिनिटांत, आजी."

पलीकडं बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "बरं झालं." आणि त्यानंतर, "आता सांग, काय झालं?"