खातं आहे, पण सापडत नाही

केतकी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. नानाकाकांची हयात फॉक्सप्रोत प्रोग्राम लिहिण्यात गेली, आणि पतसंस्थेचा प्रोग्रामही फॉक्सप्रोतलाच. मी दोघांच्या मधे चहा पीत बसलो होतो, पण तिचे निम्मे प्रश्न माझ्याच मनातले होते.

केतकी : काका, खाते नंबर टाकला की प्रोग्राम म्हणतो, असं खातंच नाही. यादी सरकवत खाली गेलं तर खातं तिथंच! नवा सर्व्हर आल्यापासून हे चाललंय.

नाना : इंडेक्स बिघडलाय. खातं डीबीएफ फायलीत असतं, शोध लागतो सीडीएक्समधून. पुस्तक शाबूत, मागची सूची फाटली.

केतकी : पण शिल्लक बरोबर आहे ना?

नाना : आधी ऐक. तुमचा सर्व्हर म्हणजे नुसतं कपाट. खातं काय, व्याज काय, त्याला कळत नाही. प्रत्येक काउंटरचं मशीन फायलीचे तुकडे नेटवर्कवरून मागवतं, स्वतः बदलतं, परत ठेवतं. त्यात नवं विंडोज पडलं फार कामसू. फेऱ्या वाचाव्यात म्हणून तुकडा काउंटरवरच ठेवून घेतं. दुसऱ्यानं फाइल उघडली की सर्व्हर पहिल्याला हाक मारतो, तुझ्याकडचं आधी जमा कर. त्याच क्षणी वायफाय गेलं, की एकाच्या हाती जुनं पान, दुसऱ्याच्या हाती नवं. एका नोंदीसाठी सीडीएक्समध्ये चार ठिकाणी लिहावं लागतं, पोचतं निम्मंच. आणि वायफायवर पतसंस्था चालवायची अक्कल कुणाची? आमच्या वेळी कोएक्स केबलच्या टोकाचा टर्मिनेटर निघाला तर अख्खं ऑफिस बसायचं, म्हणून माणसं तारेला जपायची!

केतकी : शिल्लक, काका.

नाना : रक्कम डीबीएफमध्ये असते, ती सहसा वाचते. पण ‘खातं नाही’ दिसल्यावर कुणी त्याच नंबरानं नवं तर उघडलं नाही ना?

केतकी : …हार्डवेअरवाला म्हणतो, फायली वाटायची जुनी पद्धत, एसएमबी १, चालू करून देतो, सगळं सुरळीत होईल.

नाना : त्याला उभा करू नकोस! मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच दारानं जगभर घुसला. त्याच वर्षाअखेरपासून विंडोज १० नव्यानं टाकलं की ते दार सहसा बसवलेलंच नसतं. त्यापेक्षा त्या एका शेअर केलेल्या फोल्डरपुरती लीझिंग, म्हणजे तुकडा काउंटरवर ठेवून घ्यायची मुभा, बंद करा, नव्या सर्व्हरवर तशी सोय आहे. काउंटरवरची मशीनं फायलीची माहिती दहा सेकंद जुनी चालवून घेतात, ती मुदत रजिस्ट्रीत शून्य करा. अँटिव्हायरसला या फायलींपासून लांब ठेवा.

केतकी : बरं. आणि नवं सॉफ्टवेअरच घेतलं तर?

नाना : घ्या की! २००४ नंतर मायक्रोसॉफ्टनं फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती काढली नाही, २०१५ मध्ये सपोर्टही थांबवला. पण उद्या सकाळी काउंटर उघडायचाय ना? मी असतो तर प्रोग्रामच सर्व्हरवर चालवला असता. काउंटरवरून रिमोट डेस्कटॉपनं आत जायचं. तारेवरून जाणार फक्त चित्रं आणि कळा. तार तुटली तरी प्रोग्राम तिकडे चालूच, नोंद अर्धी राहत नाही. लायसन्सचे पैसे पडतील, चेअरमन कुरकुरतील.

केतकी : पासबुक प्रिंटर?

नाना : तो छळणार. एक अख्खा दिवस त्याच्यासाठी राखून ठेव.

केतकी : काका, दोनदा.

नाना : काय दोनदा?

केतकी : त्याच नंबरानं नवं खातं. मीच उघडलं. समोर माणूस पैसे घेऊन उभा होता.

नाना : (चहाचा कप खाली ठेवून) संध्याकाळी सगळ्यांना प्रोग्राममधून बाहेर काढ. फोल्डरची नक्कल घे. मग इंडेक्स पुसून मुळापासून बांध. नुसत्या रीइंडेक्सवर विसंबू नकोस, तो बिघडलेल्या सीडीएक्सचाच मथळा वाचून काम करतो. त्यानंतर एकाच नंबराच्या जोड्या शोध.

केतकी : एकीत भरणा जुन्यात आहे आणि पैसे काढलेत नव्यातून.

नाना : मग दोन्ही खातेदारांना पासबुकं घेऊन बोलाव. प्रिंटर चालू असेपर्यंत.