बर्डॉकचे मूळ आणि बशीतले वर्तुळ

आघाड्याच्या झुडपांतून चालत गेलात तर त्याची फळे कपड्यांना चिकटून तुमच्याबरोबर घरी येतात. युरोप आणि आशियाच्या थंड भागांत अशीच एक चिकट्या फळांची, पण चांगली पुरुषभर उंच वाढणारी वनस्पती आहे. तिचे नाव बर्डॉक. आपल्या देशात ती पश्चिम हिमालयात, काश्मीरच्या बाजूला आढळते. १९४१ साली जॉर्ज द मेस्त्राल हा स्विस अभियंता फिरून आला, तेव्हा त्याच्या कुत्र्याच्या केसांत हिचीच फळे अडकली होती. त्यांवरील आकडे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यातूनच पुढे वेल्क्रोची पट्टी जन्माला आली.

ही हकिकत मी दरवर्षी वर्गात सांगतो. गेल्या वर्षी ती संपताच एका मुलाने विचारले, "सर, याच झाडाच्या अर्काने जीवाणू मरतात म्हणे. मग औषधाच्या दुकानात ते का मिळत नाही?" मी पदार्थविज्ञानाचा मास्तर, पण विचार करता करता लक्षात आले, की या प्रश्नाचे निम्मे उत्तर आमच्याच विषयात आहे.

प्रथम या झाडात काय असते ते पाहू. मुळात इन्युलिन भरपूर असते. वनस्पती अन्न साठवतात ते बहुधा स्टार्चच्या रूपाने, पण सूर्यफुलाच्या कुळातील बऱ्याच वनस्पती त्याऐवजी इन्युलिन साठवतात. बागेतल्या डेलियाचा कंद कापून त्यावर आयोडीनचा थेंब टाका. बटाट्यासारखा निळा-काळा रंग येणार नाही. इन्युलिन आपल्याला पचत नाही, ते मोठ्या आतड्यातील उपयुक्त जीवाणूंचे खाद्य बनते. म्हणजे गंमत पाहा, ज्या मुळाची जीवाणुनाशक म्हणून ख्याती, तेच मूळ जीवाणूंना जेवूही घालते! जपानी लोक ते 'गोबो' या नावाने भाजी म्हणून आवडीने खातात. मुळात पॉलिअ‍ॅसिटिलीन वर्गातील संयुगेही असतात. ती जीवाणूंना मारक खरी, पण प्रमाण अत्यल्प. बियांत आर्क्टिइन असते, तर पानांत क्लोरोजेनिक आम्ल. हे आम्ल कॉफीच्या बियांतही असते, पण कॉफी पिऊन कुणाचे गळू बसल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

आता अर्क जीवाणुरोधक आहे हे ठरवतात कसे? पेट्री बशीत अगारचा थर देतात, त्यावर जीवाणू पसरवतात आणि अर्कात भिजवलेली कागदाची चकती मधोमध ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जीवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसले, तर अर्कात काहीतरी आहे हे नक्की. मात्र वर्तुळ मोठे म्हणजे द्रव्य जालीम, असे समजू नका. अर्कातील रेणू अगारमधून विसरणाने पसरतात. विसरणात दुप्पट अंतर जायला चौपट वेळ लागतो. शिवाय मोठे रेणू हळू सरकतात आणि पाण्यात न विरघळणारे जवळजवळ जागचे हलतच नाहीत. इकडे जीवाणूंची वाढ काही थांबलेली नसते. वर्तुळाची कड म्हणजे या शर्यतीचा निकाल होय. म्हणून एखादे प्रभावी पण तेलकट संयुग लहानसेच वर्तुळ दाखवते. याकरिता वेगवेगळ्या संहतीची द्रावणे करून, कमीत कमी किती संहतीला वाढ थांबते, हे वेगळे मोजावे लागते.

आणि खरी मेख आहे ती या आकड्यातच. समजा, एखाद्या वनस्पतिद्रव्याची संहती दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम झाली की जीवाणू थांबतात. पन्नास किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३० लिटर पाणी असते. तेवढ्या पाण्यात ही संहती आणायची तर शुद्ध द्रव्य ३० ग्रॅम हवे. पेनिसिलिनला दबणाऱ्या स्टॅफिलोकोकसला मात्र दर मिलिलिटरला ०.१ मायक्रोग्रॅमही पुरते. तोच हिशेब केला तर ३ मिलिग्रॅम! हिशेब ढोबळ आहे, कारण द्रव्य शरीरात सर्वत्र सारखे पसरत नाही. शिवाय पोटात गेलेले द्रव्य तसेच राहत नाही. आर्क्टिइनचेच पाहा: आतड्यातील जीवाणू त्यातील शर्करा तोडून आर्क्टिजेनिन बनवतात आणि त्याचेही पुढे रूपांतर करतात. बशीत हे काहीच घडत नसते.

पुडी बांधून मिळणाऱ्या मुळाची शुद्धता हा आणखी एक प्रश्न. बर्डॉकच्या मुळाचा म्हणून विकत घेतलेला चहा पिऊन अमेरिकेतील एका स्त्रीला विषबाधा झाल्याची नोंद १९७८ साली प्रसिद्ध झाली. त्या चहात अ‍ॅट्रोपीन सापडले. हे विष बर्डॉकमध्ये नसते, बेलाडोनात असते. आणि दोघांची वाळकी मुळे एकमेकांसारखी दिसतात.

तरीही त्या मुलाचा प्रश्न भाबडा नव्हता. बर्डॉकच्याच कुळातील आर्टेमिसिया अ‍ॅनुआ या वनस्पतीचा चीनमध्ये तापावर जुना उपयोग होता. पण तिच्या अर्काचा प्रयोगात गुण कधी येई, कधी येत नसे. उष्णतेने मूळ द्रव्य बिघडत असावे, असा तर्क तू यूयू यांनी केला. त्यांनी सुमारे ३५ अंश सेल्सियसलाच उकळणारे ईथर वापरून १९७१ साली अर्क काढला, तो हिवतापावर प्रभावी ठरला. पुढच्याच वर्षी त्यातून आर्टेमिसिनिन हे शुद्ध द्रव्य वेगळे झाले आणि २०१५ साली तू यूयू यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बर्डॉकच्या जीवाणुरोधक द्रव्यांचे काम मात्र अजून बहुतांशी बशीतच चालू आहे.